टाचेला धुरा लागेपर्यंत

पहिलंच सांगून टाकते. चांगलं चांगलं बोललं की आजार पळून जातो, असं मी कुठंच लिहिणार नाही. तसं असतं तर आमच्या अंगणवाडीतल्या एकाही पोट्ट्याचं नाक वाहिलं नसतं. वीस वर्षं झाली, रोज सकाळी मी त्यांच्याकडून "मी नाक स्वच्छ ठेवतो" असं सुरात म्हणवून घेते, आणि म्हणता म्हणता ते बाहीला नाक पुसतात.

तरी लिहायला बसले आहे. ज्याचे पाय एकाएकी परके झाले, ज्याला डॉक्टर सांगतात रोज व्यायाम करा, आणि ज्याला रोज सकाळी वाटतं, मरो तो व्यायाम, पडू द्या मला, त्या माणसासाठी हे आहे. त्याला मी चांगली ओळखते. कितीतरी महिने तो माणूस मीच होते.

मी शोभा. पवनीच्या अलीकडे, तलावाच्या काठी आमचं गाव. सकाळी अंगणवाडी, दुपारून घर, आणि तलावाखाली धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. घरात आम्ही दोघंच.

बाई घोडा झाली

भादव्याचे दिवस होते. दोन दिवस पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मांडी घालून बसण्याचंच काम, येणारच, असं म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पोट्ट्यांना खिचडी वाढली, त्यांच्यात जरा बसले, आणि चटईवरून उठायला गेले तर गुडघे उठेनात. दोन्ही हात जमिनीला टेकवून पाहिलं. मी अशी चार पायांवर, तर पोट्ट्यांना वाटलं खेळ आहे. "बाई घोडा झाली! बाई घोडा झाली!" तिघं तर पाठीवर चढले. मीही हसले. हसता हसता दोनदा उठून पाहिलं, तिसऱ्यांदा हसू आलं नाही. मदतनीस बाईनं माझा चेहरा पाहिला आणि एकेकाला उचलून खाली ठेवलं, मग मला हात देऊन उभं केलं.

दुसऱ्या सकाळी अंगणात सडा टाकताना खाली बसले ती बसलेच. आमच्या घरच्यांनी, म्हणजे देवरावांनी (नाव लिहिलं, सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या), मला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. भंडाऱ्याला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. रस्ताभर यांनी माझे पाय मांडीवर घेतले होते आणि मी घडीघडी विचारत होते, "अवो, पाय धरून ठेवले न तुमी?" मला ते कळतच नव्हतं.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा ताई. टाचेला टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. बराच वेळ झाला तरी काहीच नाही. शेवटी मीच म्हटलं, "टोचा न जी."

"टोचून झालं, ताई," ते म्हणाले.

माझा आजार मला समजला तो तेव्हा. त्याचं नाव जीबीएस, हे संध्याकाळी कळलं. अंगातली राखण करणारी फौज आपल्याच नसांवर उठते, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. बहुतेक लोक उठून चालायला लागतात, वेळ लागतो. किती, ते मी विचारलं. "थोडं नसा ठरवतील, थोडं तुम्ही," ते म्हणाले.

एका दमात

दवाखान्याचे दिवस मला ओळीनं आठवत नाहीत. पंखा आठवतो. दर दोन तासांनी कूस बदलून देणारे हात आठवतात. आणि रोज सकाळी डॉक्टर येऊन म्हणत, "एका दमात मोजा," ते आठवतं. श्वासात किती बळ उरलं, ते त्यावरून कळायचं. पोट्ट्यांकडून शंभरपर्यंत म्हणवून घेणारी बाई मी. सोमवारी सतरा झाले, मंगळवारी तेरा, बुधवारी नऊ. नवावर दम संपला तेव्हा डॉक्टरांनी सिस्टरला बाजूला बोलावलं. मी समजायचं ते समजले.

भीती वाटली, लपवत नाही. मरणाची कमी, तसंच पडून राहण्याची जास्त. हे खाटेशेजारी स्टुलावर बसून असायचे. मला बांधीत पाणी किती आहे ते सांगायचे.

त्याच बुधवारी वॉर्डातल्या आयाबाईनं कोणी न सांगता माझ्या केसांचा गुंता सोडवला, तेल लावलं, वेणी घातली, आणि कुठून तरी एवढासा आरसा आणून समोर धरला. मी ढसाढसा रडले. माणूस पडला की त्याला औषध सगळे देतात, वेणी कोणी घालत नाही. गुरुवारी मी अकरापर्यंत मोजलं. त्यानंतर आकडा खाली गेला नाही.

दिवसभर डोळा लागायचा आणि उघडायचा. लागला की मी बांधीत असायची. रोवणा म्हणजे धानाची लावणी, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. बाया ओळीनं ओणव्या होतात. डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हातानं चिखलात खोचायचं, आणि एकेक पाऊल मागं सरायचं. समोर गेलं तर आपलंच लावलेलं पायाखाली येतं. मागं वळून कोणी पाहत नाही. बांधीच्या कडेचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, टाचेला लागला की कळतं, ओळ संपली. माझ्या झोपेत पाणी कोमट असायचं, आभाळ त्यात उतरलेलं, बाजूला बायांच्या बांगड्या वाजताहेत, आणि मी सरते आहे, सरते आहे. धुरा काही येत नाही. जाग आली की समोर पंखा, आणि पाय आहेत की नाहीत ते पाहायला मान उचलावी लागायची.

करून राहिली

तीन आठवड्यांनी व्यायाम सुरू झाला. शिकवणारी फिजिओ मॅडम कोल्हापूरकडची. वयानं लहान, बोलायला गोड आणि कामात कडक. घोटा हलत नसला तरी मनानं हलवायचा, वर, खाली, वीस वेळा. पहिल्या दुपारी तिनं यांना विचारलं, "काकूंचा व्यायाम झाला का?"

"करून राहिली जी ते," हे म्हणाले.

मॅडमनं कपाळाला आठी घालून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्यावर बरसली. "काकू, तीन दिवस तुमचा व्यायाम राहतोय. असं कसं चालेल?"

मी घामानं भिजलेली. "राहिला कुठं बापा? करूनच राहिली न मी!"

"तेच म्हणतेय मी, राहिलाय!"

शेजारच्या खाटेवरची गोंदियाची बाई हसून हसून लोळली, तिनंच मॅडमला समजावलं. आमच्याकडे "करून राहिली" म्हणजे करते आहे. मॅडमच्या गावात राहिलं म्हणजे उरलं, सुटलं. मॅडम पोट धरून हसली, वहीतल्या तीन ओळी खोडल्या, आणि त्या दिवसापासून वॉर्डात शिरतानाच विचारायची, "काय काकू, करून राहिल्या का?"

सुट्टी झाली तेव्हा तिनं एक कागद दिला. रोज व्यायामाआधी मोठ्यानं म्हणायची वाक्यं. मी दररोज एक पाऊल पुढे टाकत आहे. माझे पाय बळकट होत आहेत. मला व्यायाम आवडतो. "आणि 'मी चालेन' म्हणायचं नाही," तिनं बजावलं, "'चालत आहे' म्हणायचं. आत्ताचं बोलायचं." पुढचे तीन-चार महिनेच खरे, हेही तिनं सांगितलं. या दिवसांत पाय पडून राहिले तर घोटे आखडतील, मग नसा परत आल्या तरी पाय कामाचे राहणार नाहीत.

मी कागद घडी करून उशीखाली ठेवला. मनात म्हटलं, आली आता माझी पाळी, नाक स्वच्छ ठेवायची.

भिंतीवरचे कागद

दिवाळीच्या तोंडावर घरी आले. येऊन पाहते तर यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, शाळेतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात, ती वाक्यं लिहून घरभर चिकटवलेली. खाटेसमोर एक, चुलीच्या वर एक, धानाच्या कोठीवर एक, न्हाणीतही एक. मला व्यायाम आवडतो! न्हाणीत पाटावर बसून दुसऱ्याच्या हातानं आंघोळ करून घेताना ते वाचावं लागायचं.

मी म्हणून पाहिलं. खोटं नाही बोलत, पंधरा दिवस म्हटलं. पण ती भाषाच माझ्या तोंडात बसेना. "टाकत आहे, होत आहेत," हे आम्ही तपासणीला साहेब आले की बोलतो. साहेब गाडीत बसले की आपल्या बोलीवर येतो. खाटेवर पडून ते वाक्य म्हटलं की वाटायचं, घरात साहेब आला आहे आणि मी त्याला खोटा अहवाल देते आहे. पाऊल तर जागचं हलत नव्हतं.

एकदा वॉकर धरून उभी राहायला गेले आणि अंगणात पडले. लागलं फार नाही. पण त्यानंतर व्यायाम सोडला. दहा दिवस मी घोटा हलवला नाही. हे म्हणायचे, "उठ न शोभे." मी म्हणायची, "तुमचे पाय हायेत काय?" हे स्वयंपाक करायचे, भाकर जाडी व्हायची, मी अर्धी ठेवून द्यायची. स्वभाव माझा आधीच तिखट, त्यात पडून पडून आणखीच.

अकराव्या दिवशी यांनी खाटेसमोर उभं राहून भिंतीवरचं मोठ्यानं वाचलं. "मी दररोज एक पाऊल पुढे टाकत आहे." मला काय झालं माहीत नाही. हात पुरत होता तेवढा लांब करून तो कागद ओढला आणि टरकावला. "थकले असान त तसं सांगा. पोचवून द्या मले माहेरी!"

यांनी खाली वाकून तुकडे वेचले, खिशात टाकले आणि बाहेर निघून गेले. माझं तोंड मलाच कडू लागलं.

गोठ्यातला आवाज

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. माझी खाट खिडकीजवळ. खिडकीतून तलाव दिसतो, त्या दिवशी दिसत नव्हता, नुसतं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यातून बगळ्यांचा आवाज येत होता. मी अर्धी झोपेत, अर्धी जागी. खिडकीच्या बाजूलाच गोठा. तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, ओढल्याची सरसर ऐकू आली, बैलाची घंटी हलली, आणि मग आवाज.

"शोभा चालून राहिली."

परत सरसर. परत, "शोभा चालून राहिली." गव्हाणीत टाकलेल्या दर कवेबरोबर एकदा. हळू, कोणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. मला वाटलं, स्वप्नच आहे. मग बैल शिंकरला, तेव्हा कळलं की जागी आहे.

मी हाक मारली. हे दारात येऊन उभे राहिले, सदऱ्यावर तणसाच्या काड्या.

"कोनाशी बोलून राहिले होते?"

"कोनाशी नाई."

"माहं नाव ऐकलं मी."

यांनी मान खाली घातली. "मॅडमनं सांगतलं होतं न, रोज मनाचं."

"मले सांगतलं होतं!"

"तू मनत नाई," हे म्हणाले. "मंग कोनी त मना लागंन न."

मी तोंडावर पदर घेतला. रडायला आलं, आणि हसूही आलं, आणि या माणसाला काल माहेरी पोचवून द्या म्हटलं म्हणून शरमही वाटली. आणि एक गोष्ट डोक्यात लख्ख झाली. कागदावरचं "चालत आहे" मला लागू पडलं नव्हतं, पण "चालून राहिली" कानात शिरलं आणि आत जाऊन बसलं. ते कोणी साहेबाला सांगत नाही. बाई काय करते म्हणून शेजारीण विचारते, तेव्हा सांगतात. बाई भाकरी टाकून राहिली. बाई नाहून राहिली. बाई चालून राहिली.

पण चालत तर नव्हते. मग जे होतं ते पाहिलं. वाकळ बाजूला करायला सांगितली आणि डाव्या अंगठ्याकडे एकटक पाहत बसले. तो गव्हाच्या दाण्याएवढा हलला. मी म्हटलं, "अंगठा हालून राहिला."

"हव," हे म्हणाले. "हालून राहिला."

हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. वाक्य मोठं झालं की ते खोटं होतं, आणि खोट्या वाक्यावर माणूस किती दिवस व्यायाम करणार? ते कापत कापत एवढं लहान करा की आजच्या दिवशी ते खरं असेल. मग ते आपल्या घरच्या भाषेत म्हणा. आणि ज्या दिवशी म्हणवणार नाही, त्या दिवशी दुसऱ्या कोणाला म्हणू द्या. त्या सकाळपासून मी परत व्यायामाला लागले. अंगठा, मग घोटा, मग गुडघा. काही दिवस वाईटच गेले. त्या दिवशी फक्त "बसून राहिली" म्हणायची, तेही खरंच होतं.

चिखल

पौषात वॉकर धरून उभी राहू लागले. पण पाऊल समोर टाकलं की गुडघा दगा द्यायचा. तळव्यांना थोडं कळू लागलं होतं, पण धड नाही. लादीवर पाय ठेवला तरी लादी लागत नव्हती.

आमच्या रोवण्याची म्होरकी पार्बताबाई भेटायला आली. साठी उलटलेली, आवाज चार बांध्या पलीकडे जाणारा. तिच्यासमोर मी दोन पावलं टाकून दाखवली आणि मटकन खुर्चीत बसले.

"काय होते व तुले?" तिनं विचारलं.

"काय सांगू बाई. पायाखाली सारा चिखल वाटून राहिला."

पार्बताबाईनं कमरेवर हात ठेवले. "मंग समोर काहून चालून राहिली? चिखलात समोर चाललो काय आपुन कधी? चिखलात त मागं सरा लागते."

तिला वाटलं, तिनं काही विशेष सांगितलंच नाही. चहा पिऊन निघून गेली.

मी मॅडमला फोन लावला. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, मागे चालणं हा व्यायाम आम्ही देतोच काकू, पण मागे माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि हात आधाराला. आपल्या मनानं काही सुरू करू नका, हे मीही इथं लिहून ठेवते.

मग रोज सकाळी, धुकं विरायच्या आधी, दारापासून तुळशीपर्यंत. वॉकर समोर, हे मागं, हात पसरून, पण न लावता. मी मान खाली घालायची, डोळे अर्धे मिटायची. शेणानं सारवलेलं अंगण हळूहळू पाण्याचं व्हायचं. त्यात आभाळ उतरायचं. आणि माझं वाक्य मला आपसूक सापडलं. मागं सरून राहिली, समोर हिरवं होऊन राहिलं. एक पाऊल. मागं सरून राहिली. आणखी एक. गुडघ्यानं दगा दिला नाही. वीस वर्षांचं त्याच्या ओळखीचं काम होतं ते. आयुष्यभर मागं मागं सरतच मी एवढं धान लावलं होतं, आणि कागद मला म्हणत होता, पुढे जा.

तुळशीपाशी पोचलो की हे म्हणायचे, "लागला धुरा." मी म्हणायची, "खोटं नका बोलू. तुळस हाय ते." टाचेला तर काहीच लागलेलं नसायचं.

धुरा

माघात कालव्याचं पाणी सुटलं आणि उन्हाळी धानाचा रोवणा लागला. मी मॅडमच्या मागं लागले. शेवटी ती म्हणाली, दहाच मिनिटं, खोल चिखल नको, दोन माणसं धरायला, आणि आल्यावर पाय धुऊन नीट पाहायचे, कारण काही रुतलं तर तुम्हाला कळणार नाही.

सर्वांत लहान बांधीची धुऱ्याकाठची पट्टी माझ्यासाठी ठेवली होती. पाणी घोट्याएवढं. पार्बताबाईनं मला कमरेत धरलं, हे मागं धुऱ्यावर उभे राहिले. बायांनी रोवणं थांबवलं होतं. सगळ्या माझ्या पायांकडे पाहत होत्या.

"तोंडं काहून शिवली व?" पार्बताबाई त्यांच्यावर ओरडली. "गाना मना!"

गाणं सुरू झालं. मी वाकले. पहिलं रोप खोचलं, ते तिरपं झालं. दुसरं तर पाण्यावर तरंगायला लागलं. पार्बताबाईनं पायानंच ते दाबलं. मागं सरून राहिली. तिसरं नीट लागलं. आणखी एक पाऊल. समोर हिरवं होऊन राहिलं. ऊन कोवळं होतं, पाण्यात आभाळ होतं, बाजूला बांगड्या वाजत होत्या, आणि मला क्षणभर खरंच समजेना की हा वॉर्ड आहे की बांधी. मी भ्यायले. पंखा तर दिसणार नाही ना आता?

"अवो," मी मागं न वळता हाक मारली, "कुठवर आली मी?"

"चालून राहिली," मागून आवाज आला.

मी डोळे मिटले. चौथं रोप हाताच्या अंदाजानंच लावलं आणि एक पाऊल सरले.

टाचेला काहीतरी लागलं. थंड. घट्ट. आणि त्यावर खरबरीत, काट्यासारखं, वाळलेलं गवत.

मी तशीच उभी राहिले, ओणवी, डोळे मिटून. यांनी घाबरून विचारलं, "काय झालं व शोभे?"

"टोचलं न जी," मी म्हटलं.